शेपटीचा शिष्टाचार

इतिहासाची पुस्तकं भेटींनी भरलेली असतात. कोण कोणाला कुठे भेटलं, कोण दोन पावलं पुढे आलं, कोणी आधी मुजरा केला, कोणाला बसायला गादी दिली आणि कोणाला नुसतंच जाजम, यावर इतिहासकारांनी खंडच्या खंड खर्ची घातले आहेत. पण जी भेट आपल्या दाराशी रोज सकाळी साडेसहाला होते, जिच्यात तह असतो, कुरघोडी असते, प्रसंगी लढाईही असते, त्या श्वानभेटीचा इतिहास कोणी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तो मी लिहायला घेतला आहे. माझी पात्रता विचाराल तर एवढीच, की गेली पाच वर्षं मी एका कुत्र्याच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.

हे टोक माझ्या हाती चिरंजीवांनी दिलं. नोकरीनिमित्त परदेशी जाताना ‘तुम्हाला सोबत हवी’ म्हणून ते दोन महिन्यांचं लॅब्राडोरचं पिल्लू ठेवून गेले. (पूर्वी मुलं परदेशी जाताना आईबापांच्या पाया पडून जात असत.) पिल्लाचं नाव ब्रूनो. पण आमच्या हिला कोणाचंही नाव सरळ घेता येत नाही, त्यामुळे तो हाकेला येतो तो ‘ब्रुन्या’लाच.

आमचं घर मिरा रोडला, शांतीनगरात. गिरगावातली दहा बाय बाराची खोली सोडून आम्ही १९८९ साली इथे आलो, तेव्हा नगरपालिका होऊन चारच वर्षं झाली होती आणि गच्चीवर गेलं की मिठागरं दिसत. पुढे २००२ साली महानगरपालिका झाली, २०११च्या जनगणनेत आम्ही आठ लाखांच्या वर गेलो, आणि मिठागराच्या जागी दुसऱ्या इमारतीची गच्ची दिसू लागली. गिरगावात चाळीतल्या कोणाच्या आमटीत मीठ कमी पडलंय हे सबंध मजल्याला ठाऊक असे. इथे मिठागरावर राहून शेजारच्या आमटीची काही बातमी नाही! गुजराती, मारवाडी, उत्तरेकडचे, दक्षिणेकडचे, आमच्यासारखे चाळीतून आलेले. सगळे जिन्यात भेटले की एकमेकांकडे अशा नजरेने बघत, की हा आपल्याशी बोलणार तर नाही ना? तीस वर्षं मी समोरच्या विंगमधल्या एका गृहस्थांना फक्त मान हलवत आलो. ब्रुन्या आला आणि तिसऱ्या दिवशी कळलं की ते टफीचे पप्पा आहेत. त्यांचं खरं नाव मला अजून माहीत नाही. माझंही त्यांना नसावं. मी ‘ब्रूनोचे आजोबा’.

तर टफी आणि ब्रूनो यांची पहिली भेट. समोरून टफी येतोय, इकडून ब्रूनो जातोय. फूटपाथची रुंदी तीन फूट, त्यातले दोन फूट स्कूटरने व्यापलेले. टफीचे पप्पा म्हणाले, ‘‘चावतो का हो?’’ मी म्हटलं, ‘‘छे छे, त्याला फक्त खेळायचं असतं. आणि तुमचा?’’ ‘‘शेपूट हलवतोय की!’’ एवढी बोलणी होऊन दोन्ही वकिलांनी आपापले पट्टे मनगटाला दोन वेढे देऊन आवळले आणि उभय पक्षांना समोरासमोर आणलं. आता पट्टा मागून ताणला की कुत्र्याची छाती वर येते, पुढचे पाय जवळजवळ अधांतरी होतात, मान ताठ होते आणि डोळे समोरच्यावर रोखले जातात. दोघांचीही तीच गत. म्हणजे आपण ज्याला ‘हॅलो म्हण’ म्हणतो ती कुत्र्याच्या दृष्टीने प्रतापगडची भेट असते. पुढे काय झालं ते सांगायला नको. टफीचे पप्पा घरी जाताना म्हणाले, ‘‘तुमचा जरा रागीट दिसतो.’’ मी त्यांच्याबद्दल घरी येऊन हेच सांगितलं.

या प्रकरणाचा उलगडा मला कोणत्याही ग्रंथात झाला नाही. तो आमच्या फाटकाशी बसणाऱ्या काळूशेठने केला. काळूशेठ हा रस्त्यावरचा कुत्रा. वर्ण नावाप्रमाणे, फक्त दोन्ही डोळ्यांवर एकेक पिवळसर ठिपका. नाव वॉचमनने ठेवलेलं, कारण तो दिवसभर पेढीवर बसल्यासारखा बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा हिशेब ठेवतो. त्याच्या कानाचा एक कोपरा कापलेला आहे, म्हणजे त्याची नसबंदी झालेली आहे. (सरकारी योजनेचा इतका ठळक पुरावा माणसं अंगावर बाळगत नाहीत.) काळूशेठच्या गळ्यात पट्टा नाही, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस नाही. त्यामुळे त्याच्या भेटी पाहण्यासारख्या असतात.

सकाळी पलीकडच्या सेक्टरमधली एक लाल कुत्री आमच्या रस्त्याला येते. ती वीस-पंचवीस पावलांवर असतानाच काळूशेठ उभा राहतो. तिच्याकडे एकदा बघतो, आणि मग चक्क दुसरीकडे तोंड फिरवतो. जमीन हुंगायला लागतो. जमिनीत काही नसतं, हे मी स्वतः जाऊन पाहिलेलं आहे. तीही तशीच, जणू काही ती रस्त्याच्या डांबराची पाहणी करायला आली आहे. मग दोघंही सरळ न येता वळसा घेऊन येतात, कमानीसारखा. नाकाला नाक लागलं न लागलं, की बाजूला होऊन एकमेकांच्या कुशीशी आणि मग शेपटीखाली. दोन-तीन सेकंद. शेपट्या मधल्या उंचीवर, सैल. सबंध मागचा भाग त्यांच्याबरोबर हलतोय. मग दोघंही अंग झाडतात, पावसात भिजल्यासारखे, आणि आपापल्या कामाला लागतात. एकूण वेळ पाव मिनिट. आमच्या सोसायटीच्या सभेत नुसता कोरम व्हायला याच्या दीडशेपट वेळ लागतो.

शेपटीखालच्या त्या कार्यक्रमाकडे सभ्य माणसं पाठ फिरवतात. वास्तविक तो कागदपत्रं तपासण्याचा प्रकार आहे. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या ग्रंथी असतात, त्यांच्या वासावरून समोरचा नर की मादी, ओळखीचा की परका, हे सगळं कळतं. माणसंही एकमेकांची चौकशी पाठीमागूनच करतात. फक्त नाक वापरत नाहीत.

आता गंमत अशी, की हे सगळं आपल्या पूर्वजांना चांगलं ठाऊक होतं. पुरावा शोधायला लांब जायला नको, आपली भाषाच घ्या. कान टवकारणे, दात विचकणे, शेपूट घालणे, गुरगुरणे, गोंडा घोळणे. हे शब्द आपण साहेबापुढे उभ्या असलेल्या हेडक्लार्कसाठी वापरतो, पण तयार झाले ते कुत्रं पाहून. ज्याने पहिल्यांदा ‘गोंडा घोळणे’ म्हटलं असेल, त्याने ती खाली घेतलेली, सैल, गोलगोल फिरणारी शेपटी नीट पाहिली होती. ताठ उभ्या, नुसतं टोक थरथरणाऱ्या शेपटीला तो गोंडा म्हणाला नसता. या दोन शेपट्यांमधला फरक आज मिरा रोडला शंभर माणसांना विचारला तर नव्वद जण टफीच्या पप्पांचं उत्तर देतील: हलतेय ना, मग झालं तर!

संस्कृतवाले तर याहून पुढे होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात सरमा नावाची इंद्राची कुत्री आहे. पणींनी गाई लपवून ठेवल्या, तेव्हा इंद्राने वाटाघाटींना कोणाला पाठवलं? या कुत्रीला. पणी तिला बहीण मानायला तयार झाले, गाईंत वाटा देऊ म्हणाले, ती बधली नाही. एकूण ती काही सरळ अंगावर गेली नाही. आधी बोलणी केली. तिच्या वंशाचे ते सारमेय. महाभारत उघडलं की जवळजवळ आरंभालाच जनमेजयाचे भाऊ एका सारमेयाला यज्ञमंडपात काही केलं नसताना मारतात, आणि सरमा येऊन ‘याचा अपराध काय?’ असं विचारते. उत्तर नसतं. ती शाप देते. त्याच महाभारताच्या शेवटी धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला नकार देतात. मधल्या एवढ्या मोठ्या ग्रंथात माणसांनी एकमेकांशी काय केलं ते आपण जाणतोच.

भर्तृहरीने नीतिशतकात कुत्र्याचं एक चित्र काढलं आहे: तुकडा देणाऱ्यापुढे शेपूट हलवणं, पायाशी पडणं, जमिनीवर लोळून तोंड आणि पोट दाखवणं. त्याला हत्तीचं भारदस्तपण दाखवायचं होतं म्हणून कुत्र्याला त्याने लाचार केलं. माझ्या मते हा अन्याय आहे, पण निरीक्षण पक्कं. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात राजाने करमणूक कशाकशाने करावी हे सांगताना ‘सारमेयविनोद’ म्हणून एक प्रकरण कुत्र्यांना दिलं आहे. राज्यकारभार सांभाळून राजा कुत्र्यांवर लिहीत होता, आणि मी निवृत्त होऊन लिहितोय तर ही म्हणते, गॅसचा नंबर लावा आधी.

महाराष्ट्रात कुत्र्याची पत तशी मोठीच. दत्तगुरूंच्या पायाशी चार, ते चार वेद. खंडोबाच्या वारीत कुत्रा, आणि त्याचे भक्त वाघ्ये तर स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेत, कुत्र्यासारखे भुंकत, कोटंब्यात भिक्षा घेत. थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे. त्याने वाघापासून धन्याला वाचवलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगतात. मला या गोष्टीत एकच शंका येते. पालखीत बसलेल्या कुत्र्याला रस्त्यावरच्या कुत्र्याने रामराम करायचा कसा? ना नाकाला नाक, ना वळसा, ना ओळखपत्र तपासायची सोय. सगळ्या सातारा शहरात त्या बिचाऱ्याला मानकरी पुष्कळ मिळाले असतील, दोस्त एकही मिळाला नसेल. पट्ट्याची सुरुवात मी या पालखीपासून धरतो. प्रेमाने का होईना, कुत्र्याला उचलून घेतलं की त्याची भाषा खाली राहते.

खरी उलथापालथ झाली ती मुंबईत. कंपनी सरकारला रस्त्यावरची कुत्री हा उपद्रव वाटे, आणि वर्षातले ठराविक दिवस ती मारायचा नियम होता. १८३२ साली ही मुदत वाढवली आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलं. आठ आणे त्या काळात थोडे नव्हेत. मग काय, पकडणारे रस्त्यावरची तर मारायचेच, पण लोकांच्या अंगणात आणि ओट्यावर शिरून पाळलेली कुत्रीही ओढून न्यायला लागले. मालक दिसायला हवा तर पट्टा हवा, अशी वेळ आली ती इथे. सहा जून १८३२, पारशी लोकांचा पवित्र दिवस. त्या दिवशी कोटाजवळ कुत्री मारणाऱ्या दोन गोऱ्या शिपायांवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन सगळे त्यात. कुलाब्याच्या पलटणीला जाणारं खाणंपिणंही अडवलं. गोऱ्या फौजेची न्याहारी कुत्र्यांपायी अडली, असा हा मुंबईतला पहिल्यापहिल्या बंदांपैकी एक बंद. आपण उगीच बंदाचं श्रेय अलीकडच्या पुढाऱ्यांना देतो.

पारशी एवढे का चिडले? तर त्यांच्या धर्मात माणूस गेला की कुत्र्याची नजर त्याच्यावर पडावी लागते. त्या विधीला सगदीद म्हणतात, आणि त्याला डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणजे ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा उत्तम. ऋग्वेदात यमाचे दोन कुत्रे आहेत, तेही चार डोळ्यांचेच. हे वाचल्यापासून मी काळूशेठसमोरून जाताना जरा नीट कपडे करून जातो.

दंगल मोडली, धरपकड झाली, पण गोष्ट तिथे संपली नाही. सर जमशेटजी जीजीभाई (ते तेव्हा सर व्हायचे होते) आणि इतर व्यापारी मधे पडले, आणि १८३४ साली जमशेटजींनी अमीचंद शहांबरोबर भुलेश्वरला पांजरपोळ उभी केली. ती आजही आहे. मात्र सरकारला निव्वळ दुष्ट ठरवण्याचं कारण नाही. पिसाळलेला कुत्रा चावला तर माणूस जाणार, हे तेव्हा नक्की होतं. पाश्चरची लस निघाली १८८५ साली, म्हणजे त्रेपन्न वर्षांनी. भीती खरी होती. फक्त आठ आण्यांच्या हिशेबात पिसाळलेला कोणता आणि ओट्यावर झोपलेला कोणता, हे बघायला कोणी थांबत नव्हतं.

बघायला थांबला तो डार्विन. १८७२ साली त्याने भावनांच्या आविष्कारावर एक पुस्तक काढलं. त्यात ब्रिटन रिव्हिएर नावाच्या चित्रकाराने काढलेली दोन चित्रं आहेत. पहिल्यात एक कुत्रा दुसऱ्यावर चालून निघालाय: अंग ताठ, शेपूट उभं, मानेवरचे केस पिंजारलेले, नजर रोखलेली. दुसऱ्यात तोच कुत्रा प्रेमात आलाय: अंग खाली, कमरेत वाकडं, कान मागे, शेपूट खाली आणि हलतंय. डार्विनचं म्हणणं, दुसरं चित्र मुद्दाम पहिल्याच्या उलट आहे. ‘मी तुला मारणार नाही’ हे सांगायला कुत्र्याकडे शब्द नाहीत, म्हणून मारायच्या वेळी जे जे करतो त्याच्या बरोब्बर उलटं तो करून दाखवतो. मला हे वाचून भर्तृहरीची आठवण झाली. चित्र तेच, एकाने लाचारी म्हटलं, दुसऱ्याने शिष्टाचार.

त्यानंतर शास्त्रज्ञांनी कुत्र्याला नीटच धरलं. १९७७ साली अमेरिकेत मार्क बेकॉफने दाखवलं, की खेळायला बोलावताना कुत्रा पुढचे पाय पसरून जो दंडवत घालतो, तो ठरीव साच्याचा असतो. म्हणजे समोरच्याचा घोटाळा होऊ नये. २००७ साली इटलीत तीस कुत्र्यांच्या शेपट्यांची चित्रं घेऊन मोजमाप केलं. मालक दिसला की शेपूट स्वतःच्या उजवीकडे जास्त झुकतं, परका दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. २०१३ साली असंही निघालं, की डावीकडे झुकणारी शेपटी पाहिली की पाहणाऱ्या कुत्र्याच्या छातीत धडधडतं. हे वाचून मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम निरीक्षणाला निघालो. पण कुत्रा आपल्याकडे तोंड करून असला की त्याची उजवी आपली डावी होते, तो वळला की पुन्हा बदलते. खात्री करून घ्यायला मी भर रस्त्यात स्वतःभोवती दोनदा फिरलो. समोरून येणाऱ्या एका बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मान फिरवली आणि मोठा वळसा घेऊन गेल्या. शिष्टाचाराप्रमाणे अगदी बिनचूक.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट. २०११ साली चेक देशातल्या ब्रनो शहरातल्या संशोधकांनी फिरायला निघालेल्या कुत्र्यांच्या भेटी मोजल्या. पट्टा नसलेली कुत्री एकमेकांना जास्त हुंगत होती आणि पट्ट्यातली एकमेकांवर जास्त गुरगुरत होती. का, ते काळूशेठला विचारा. ज्याला तोंड फिरवता येत नाही, वळसा घेता येत नाही, नको असेल तर मागे सरता येत नाही, त्याच्याकडे एकच वाक्य उरतं.

हे सगळं मला सोसायटीच्या सभेत सांगावं लागलं, त्याला कारण घडलं. गेल्या पावसाळ्यात फाटकाशी सी विंगमधला एक जर्मन शेफर्ड आणि काळूशेठ यांची जुंपली. शेफर्डचा मालक फोनवर होता, पट्टा आखूड, कुत्रा दोन पायांवर. काळूशेठने आधी तोंड फिरवलं, जांभई दिली, जिभेने नाक चाटलं. ‘मला तंटा नको’ हे कुत्र्याच्या भाषेत याहून स्वच्छ सांगता येत नाही. मागे भिंत होती, म्हणून तो तिथेच थिजला. मग जे व्हायचं ते झालं. दात कोणालाच लागले नाहीत, पण मालक चिखलात बसले आणि फोन गटारात गेला. फोनमुळे विषय तातडीचा झाला. ‘भटक्या कुत्र्याला टेम्पोत घालून घोडबंदरच्या पलीकडे सोडून यावे,’ असा ठराव आला.

सभेत पहिल्या मजल्यावरच्या आजी बोलल्या, आणि त्या बोलल्या ते खोटं नव्हतं. ‘‘मला भीती वाटते हो. पडले तर या वयात हाड जुळत नाही.’’ यावर कोणाकडेही उत्तर नव्हतं. मग मी उठलो आणि १८३२ पासून सुरुवात केली. अध्यक्ष म्हणाले, ‘‘थोडक्यात.’’ मी १८७२ वर आलो. अध्यक्ष म्हणाले, ‘‘अजून थोडक्यात.’’ तेव्हा मी २०२५ गाठलं. त्या वर्षी ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, लोक रस्त्यावर उतरले, आणि २२ ऑगस्टला न्यायालयानेच आदेश बदलला: पिसाळलेली आणि हिंस्र सोडून बाकीची नसबंदी आणि लस करून जिथून उचलली तिथेच सोडा, खायला मात्र ठरवून दिलेल्या जागीच घाला. पुढे सात नोव्हेंबरला शाळा, इस्पितळं, स्टेशनं यांच्या आवारासाठी वेगळा, कडक आदेश झाला. पण आमची सोसायटी यातलं काहीच नाही. आणि २०२३च्या नियमांतही नसबंदी केलेला कुत्रा मूळ जागीच सोडायचा, असं आहे. कारण घोडबंदरच्या पलीकडे काळूशेठला ओळखणारं कोण? तिथली कुत्री त्याची कागदपत्रं रोज नव्याने तपासणार, आणि इथली रिकामी गादी बघून कुठलातरी परका आठवड्यात येऊन बसणार. त्याच्या कानाचा कोपरा शाबूत असेल आणि आजींना तो ओळखत नसेल.

दुसऱ्या मजल्यावरचे गुजराती भाई एरवी सभेत वही उघडून घरचा हिशेब करतात. ते वहीतून मान वर न करता म्हणाले, ‘‘अरे काका, आमच्या बाचा नेम होता. पहिली रोटली गायला, छेल्ली कुत्राला. कुत्रो टेम्पोमधे गेला तर छेल्ली रोटली कोण खाणार? सेक्रेटरी?’’

हशा झाला, ठराव मागे पडला. काळूशेठला लस टोचायची, त्याचं खाणं जिन्यापासून हलवून पंपाच्या खोलीमागे ठेवायचं, आणि आजींच्या फिरण्याच्या वेळी वॉचमनने त्याला तिकडेच थोपवायचं, असं ठरलं. आजींनी हे कबूल केलं. खूश झाल्या असं म्हणवत नाही. आणि पाळीव कुत्र्यांच्या मालकांसाठी नियम लिहायचं काम, ज्याने सभेचा सर्वांत जास्त वेळ खाल्ला त्याच्यावर टाकण्यात आलं.

मी नियम चारच लिहिले. एक, दोन कुत्री समोरासमोर आणू नयेत, बाजूने वळसा घालून न्यावीत. दोन, पट्टा सैल ठेवावा आणि फोन खिशात. तीन, समोरचा ताठ झाला, तोंड मिटून टक लावून बघू लागला, किंवा शेपूट पायांत घालून तोंड फिरवू लागला, तर भेटीचा आग्रह धरू नये. नुसत्या शेपूट हलण्यावर विसंबू नये. चार, तीन सेकंद हुंगून झाल्यावर पुढे चालावे, उगाच रेंगाळू नये. कागद लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागला. टफीचे पप्पा आता मला लांबून पाहिलं की रस्ता थोडा तिरका करतात. टफी आणि ब्रुन्या एकमेकांची कूस हुंगतात, अंग झाडतात आणि निघतात, आणि गप्पा मारत मागे राहतो तो आम्हीच, चौथा नियम मोडून.

फळ्यावरच्या कागदाखाली परवा कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं आहे, ‘हे नियम सभासदांनाही लागू आहेत काय?’ अक्षर बायकी वाटतं. पहिल्या मजल्यावरच्या आजींचं असावं असा माझा अंदाज आहे. सेक्रेटरींनी अद्याप उत्तर दिलेलं नाही.